दिगंबर, एकाहत्तर टक्के

पुण्यातल्या माणसासमोर कुणी दोन वाक्यं बोललं, की बोलणारा कुठला ते त्याला लगेच कळतं. कळल्यावर तो गप्प बसतो असंही नाही. "आपण नागपूरचे का?" हे तो अशा चेहऱ्याने विचारतो, की समोरच्याला आपल्याला कावीळ झाल्यासारखं वाटावं. उल्का काळभोरने केलेला प्रोग्राम नेमका हाच उद्योग करायचा, फक्त माणसांच्या बोलण्यावर नाही, तर दुसऱ्या प्रोग्रामांच्या तुकड्यांवर. चार ओळी पुढ्यात टाका, तो त्यांची संगणकाची भाषा सांगणार: ही जावा, ही पायथन, हे जुनंपुराणं कोबॉल. वर आपली खात्री किती, तेही टक्क्यांत सांगणार. ऑफिसात सगळे त्याला पारखी म्हणायचे.

ऑफिस वाघोलीच्या अलीकडे, नगर रस्त्याला लागून. बाहेर डंपरची धूळ, आत एसीचा गारठा आणि मधे एक काच. एका परदेशी बँकेने आपला कित्येक वर्षांचा जुना कोड या कंपनीच्या गळ्यात मारला होता. फायलींची नावं गेलेली, निम्मा कोड कुठल्या तरी ईमेलात चिकटवलेला, कशाला शेंडा ना बुडखा. कुठला तुकडा कुठल्या भाषेतला ते आधी वेगळं करा, मग पुढचं बोलू, असं बँकेचं म्हणणं. हाताने निवडत बसले असते तर लोक तिथेच म्हातारे झाले असते. म्हणून पारखी.

आणि पारखी उल्काचा होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिचा, दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागलेला नव्हता. चाळिशीला टेकलेल्या बाईला ही एवढीशी गोष्ट इतकी का लागावी, असं कुणालाही वाटेल. पण त्याआधी कंपनीत तिची ओळख एकच होती. मेहेंदळ्यांची उल्का.

दिगंबर मेहेंदळे सदाशिव पेठेतले. कंपनीचा जुना कणा म्हणा नाहीतर जुना काटा म्हणा, दोन्ही खरं. लोणी काळभोरची ही मुलगी नोकरीवर आली तेव्हा तिला धड इंग्रजी बोलता येत नव्हतं आणि बाकीचे तिच्याशी मराठी बोलायला राजी नव्हते. मेहेंदळ्यांनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिची एक ओळ सुखाने जाऊ दिली नाही. "उल्के, यंत्राला कळेल गं हे. माणसाला कोण समजावणार, तुझा काका?" नाकावर घसरलेला चष्मा ते एका बोटाने वर ढकलायचे आणि तिची ओळ खोडून आपली घालायचे. त्यांच्या कोडमधली नावं मराठी असायची. फिरत्या आकड्याला भोवरा, चुकून आत शिरलेल्या माहितीला पाहुणा. अधूनमधून शेरे असायचे, "इथे बदल करण्यापूर्वी विचार करावा. सवय नसल्यास करू नये," असले. आणि फाइल संपली की शेवटच्या ओळीत एकच शब्द: पुरे.

उल्का त्यांच्यामुळे शिकली हे खरं. त्यांच्यामुळेच तिचं म्हणून काही राहिलं नाही, हेही तितकंच खरं. कुठलंही काम तिने उपसलं तरी मीटिंगमध्ये लोक म्हणणार, "वा, मेहेंदळ्यांचा हात दिसतोय!" दिसेल नाही तर काय होईल? ती घरी जाऊन आईसमोर चडफडायची.

मग कंपनीचे डायरेक्टर संपतराव यांनी एक दिवस तिला केबिनमध्ये बोलावलं. काचेचा दरवाजा लावून घेतला, चहा मागवला आणि विचारलं, "मेहेंदळे नसले तर चालेल का? तुम्ही सांभाळाल का त्यांचं?"

उल्काने बशीत सांडलेल्या चहाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालेल."

बस, एवढंच. दुसरा एकही शब्द तिने उच्चारला नाही. मेहेंदळे गेले, त्यांची खुर्ची तिला मिळाली. जाताना ते डब्याची पिशवी हातात धरून तिच्या टेबलापाशी थांबले होते. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. "शनिवारी ये गं घरी. आनंदी पोहे करते," म्हणाले. "येते सर, नक्की," ती म्हणाली. त्या शनिवारी ती गेली नाही. पुढच्याही गेली नाही. पावसाळा संपता संपता ते झोपेतच गेल्याचं कळलं, तेव्हा ती सगळ्यांबरोबर गेली, दाराशी उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर परत आली.

तर हे झालं पूर्वीचं. पारखीचं पुढचं ऐका.

एका दुपारी श्यामने बँकेचा एक तुकडा पारखीला दिला आणि तो खो खो हसायला लागला. श्याम टीममध्ये नवा, परांड्याकडचा, मेहेंदळे गेल्यानंतर लागलेला. त्याच्या आधी त्या जागी लागलेली दोन पोरं न सांगताच निघून गेली होती. काम चोख, बडबड अखंड.

"मॅडम, हे बघा ना. ही कुठली लँग्वेज? मी तर ऐकली पण नाही."

पडद्यावर लिहिलं होतं: दिगंबर, एकाहत्तर टक्के.

शेजारच्या टेबलावरून श्रीनिवासने मान वळवून पाहिलं. सर्व्हर सांभाळणारा श्रीनिवास कंपनीतला जुना माणूस, मेहेंदळ्यांच्या काळातला. "ऐकली नाहीस ते नशीब समज," तो म्हणाला. "फार कडक लँग्वेज होती ती. चूक झाली की तोंडावर सांगायची."

सगळे हसले. उल्काही हसली, पण हसता हसता तिने पारखीचे नमुने उघडले.

कारण सापडायला वेळ लागला नाही. पारखीला शिकवायची रीत साधी होती. प्रत्येक भाषेचे नमुने एकेका फोल्डरमध्ये ठेवायचे, आणि फोल्डरचं जे नाव तेच पारखीच्या लेखी भाषेचं नाव. आता या कंपनीची एक खोड होती. माणूस गेला की त्याचा पास रद्द होई, ईमेल बंद होई, खुर्ची दुसऱ्याला जाई, पण सर्व्हरवर त्याच्या नावाचं जे फोल्डर असे ते कुणी काढत नसे. न जाणो, त्याच्यावर काहीतरी अडलेलं असायचं! असली कितीतरी फोल्डरं मेलेल्या झाडांसारखी उभीच होती. नमुने गोळा करताना श्यामने त्यातलं एक फोल्डर भाषेचंच समजून उचललं होतं. दिगंबर मेहेंदळ्यांनी आयुष्यभर लिहिलेलं सगळं त्यात होतं, आणि पारखीने इमानेइतबारे शिकून घेतलं की दिगंबर नावाची एक भाषा आहे.

"सॉरी मॅडम," श्याम म्हणाला. "पण भारी आहे ना? एक माणूस म्हणजे एक लँग्वेज!"

"भारी काय त्यात?" उल्का फटकन म्हणाली. "काढ ते."

फोल्डर काढलं. पारखीला पहिल्यापासून नव्याने शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामने तोच तुकडा पुन्हा दिला.

दिगंबर, चौऱ्याहत्तर टक्के.

आता हे व्हायला नको होतं. फोल्डर नाही म्हणजे नाव नाही, आणि जे नाव पारखीच्या यादीतच नाही ते पारखी बोलणार कुठून? उल्काने स्वतः यादी उघडली. जावा होती, पायथन होती, कोबॉल होतं, दिगंबर नव्हता. तिने श्रीनिवासला सगळा सर्व्हर धुंडाळायला लावला. त्याने कुरकुर करत धुंडाळला.

"कुठेही नाही," तो म्हणाला. "एक अक्षर नाही शिल्लक. मी स्वतः पुसलंय."

"मग हे कसं येतंय?"

"तुमचा प्रोग्राम आहे, तुम्ही सांगा," श्रीनिवास म्हणाला आणि आपल्या जागेवर गेला. पण त्या दिवसापासून पारखी चालू असताना त्याने उल्काच्या टेबलाकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

उल्का असल्या गोष्टींना भिणारी नव्हती. लोणीला अंधारात विहिरीवरची मोटर चालू करायला जाणारी पोरगी ती! कुठेतरी चूक आहे आणि ती आपल्याला सापडेल, एवढं तिचं साधं गणित. म्हणून तिने पारखीला खात्रीचे तुकडे द्यायचं ठरवलं, ज्यांचा लिहिणारा समोर बसलाय असे. श्यामने त्याच दिवशी सकाळी लिहिलेल्या ओळी तिने घेतल्या. श्यामने मेहेंदळ्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

दिगंबर, त्र्याऐंशी टक्के.

मग तिने त्या ओळी नीट वाचल्या. फिरत्या आकड्याचं नाव भोवरा होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, पुरे.

"श्याम, हे तू लिहिलंस?"

"हो मॅडम. का, काही चुकलं का?"

"हा भोवरा काय आहे?"

श्यामने पडद्याकडे पाहिलं. मग त्याने एक बोट उचललं आणि नाकावरचा चष्मा वर ढकलला. श्यामला चष्मा नव्हता.

"फिरतो म्हणून भोवरा," तो म्हणाला. "यात न कळण्यासारखं काय आहे?"

त्यानंतर श्यामची बडबड थांबली. तो चहा बशीत ओतून प्यायला लागला. कुणी काही विचारलं तर दोन शब्दांत, तिरकं उत्तर द्यायचा. पूर्वी रात्री साडेआठशिवाय न उठणारा पोरगा आता बरोबर साडेपाचला उठायचा आणि कुणाला न सांगता निघून जायचा. बाकीचे म्हणाले, प्रेमात पडला असेल. पारखी मात्र रोज बोलत होता, आणि श्यामचा आकडा रोज वर जात होता.

एका शनिवारी ऑफिस अर्धा दिवस होतं, तेव्हा उल्का स्कूटर घेऊन सदाशिव पेठेत गेली. मेहेंदळ्यांनी आपला कोड घरी ठेवला असेल, श्यामने तो मिळवला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. कारण तेवढं एकच शहाण्यासारखं वाटत होतं.

क्लासच्या पाट्या, खानावळी, डॉक्टरांचे दवाखाने असल्या गर्दीतून आत गेलेली ती एक साधी तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर पाटी: दि. वा. मेहेंदळे. खाली लहान अक्षरांत: बेल एकदाच वाजवावी, घरात माणसं राहतात. दाराबाहेर पिवळ्या लेसचे बूट होते. ते बूट उल्का रोज ऑफिसात पाहत होती.

आनंदीबाईंनी दार उघडलं. साठीच्या पुढच्या, नीटनेटक्या, केस घट्ट बांधलेले. मागे दाराशी उभं राहून पाहिलं होतं त्यापेक्षा त्या बऱ्याच तजेलदार दिसत होत्या.

"उल्का ना तू? ये. आज वाट चुकलीस वाटतं."

आत खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत श्याम बसला होता. पाय वर घेऊन, मांडी घालून, हातात पेपर. पेपर चौकोनी घडी घालून, एकच रकाना वर येईल असा धरलेला. पेपर असा धरणारं उल्काने आयुष्यात एकच माणूस पाहिलं होतं.

"श्याम, तू इथे काय करतोयस?"

त्याने पेपरवरून नजर वर केली. पोरगा बाविशी-तेविशीचा, पण ती नजर तिला ओळखत होती, फार वर्षांपासून.

"बस की, उल्के," तो म्हणाला. "उभी का?"

उल्काच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती बसली.

स्वयंपाकघरात आनंदीबाई कांदा चिरत होत्या. उल्का उठून त्यांच्यामागे गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, हा मुलगा कधीपासून येतोय इथे?"

"झाले बरेच दिवस. संध्याकाळी येतात, पेपर वाचतात, जेवतात. मग जातात."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली?" आनंदीबाईंनी सुरी थांबवली. "अगं, लग्न झाल्यापासून दिवेलागणीला हा माणूस कधी घरी दिसला नाही मला. रिलीज आहे, क्लायंट आहे, सर्व्हर पडलाय. मूल का झालं नाही विचारशील, तर तेवढ्यासाठीही वेळ नव्हता असं सांगेन. शेवटी तुमच्या कंपनीने घरी पाठवलं, तेव्हा नुसते छताकडे बघत बसायचे. शनिवार आला की तेवढे उठायचे. उल्का येणार आहे, पोहे कर म्हणायचे. मी करायची. दोन बशा भरायची, एक झाकून ठेवायची. रात्री मीच खायची ते गार पोहे."

तोंडातल्या तोंडात ती म्हणाली, "काकू, कामं होती हो."

"असतील ना. कामं कुणाला चुकलीत?" आनंदीबाईंनी कांदा कढईत टाकला. "आता मात्र वेळेवर येतात. कोण येतं, कसं येतं, मी नाही विचारत. उशिरा का होईना, माझं माणूस घरी यायला लागलं."

बाहेरून खाकरल्याचा आवाज आला. "आनंदी, चहा झाला का गं?" आवाज श्यामचाच होता. पण हाक त्याची नव्हती.

उल्का पोह्यांना थांबली नाही. "पुढच्या शनिवारी येते, नक्की," ती म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

"बरं," आनंदीबाई म्हणाल्या. "झाकून ठेवीन."

सोमवारी पारखीने श्यामच्या ओळींवर आकडा दाखवला: शंभर. मंगळवारपासून श्याम आला नाही. त्याचा फोन लागेना, म्हणून शुक्रवारी उल्काने परांड्याला घरच्यांना फोन केला. त्याची आई म्हणाली, पोरगं घरीच आलंय, बरं आहे, जेवतंय, झोपतंय. नुसती पाठीवरची काळी सॅक कुठेतरी हरवून आलाय. मग तिने फोन त्याच्याकडे दिला.

"श्याम, मी उल्का मॅडम बोलतेय."

"कोण उल्का मॅडम?" तो म्हणाला. उद्धटपणे नाही, अगदी गरीबपणे. "मावशी, तुम्ही राँग नंबर लावला असेल. मी इथेच असतो, शेतावर."

शिकलेलं सगळं गेलं होतं. पुणं गेलं होतं, कॉलेज गेलं होतं. कोड म्हणजे काय, हेही त्याला सांगता येईना.

उल्काने फोन ठेवला. आणि इतके दिवस जी एक गोष्ट करायचं ती टाळत होती, ती तिने केली. पारखीचा स्वतःचा कोड, तिने एकटीने लिहिलेला, तिने पारखीलाच दिला.

दिगंबर, अठ्ठ्याऐंशी टक्के.

"खोटं आहे!" ती मोठ्याने म्हणाली. माना वळल्या. ती ऐकायला तयार नव्हती. कॉलेजात असताना लिहिलेला तिचा पहिलावहिला प्रोग्राम तिने जुन्या ईमेलमधून शोधून काढला. तेव्हा तिने मेहेंदळ्यांचं नावही ऐकलं नव्हतं. पोरकट, चुकांनी भरलेला, पण तिचा स्वतःचा.

दिगंबर, एक्क्याण्णव टक्के.

घरी लोणीला आई वाट बघत होती. बायडाबाईंनी भाकरी वाढली, लेकीकडे निरखून पाहिलं.

"का गं, पेपर आसा घडी घालून कवापासनं वाचाय लागलीस?"

उल्काने हातातला पेपर पाहिला. चौकोनी घडी होती, एकच रकाना वर.

"आन् डोळं दुकत्यात का? सारखं नाकावर बोट नेतीयास."

"काही नाही आई. दमलेय."

"दमली हाईस तर सोड ती नोकरी," बायडाबाई म्हणाल्या. "आपलं आसंल तेवढ्यात भागतंय. तुझं तोंड मला वळखू यीना झालंय, पोरी."

उल्काला भडभडून आलं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, लहानपणी रडायची तशी. त्या रात्री तिने ठरवलं. पारखी बंद करायचा. संपतरावांना सगळं सांगायचं, वेडी म्हणाले तरी चालेल. मग राजीनामा द्यायचा आणि लोणीला आईजवळ येऊन राहायचं.

शनिवार असूनही बँकेसाठी ऑफिस पूर्ण दिवस होतं. सकाळी ती केबिनमध्ये गेली, तेव्हा बँकेचे लोक समोरच्या मोठ्या पडद्यावर बसलेले होते. संपतरावांनी तिला खुणेने बसवलं. पारखी बँकेला पसंत पडला होता. बँक सगळं काम यांनाच देणार होती. बँकेच्या माणसाने विचारलं, एवढं सुंदर काम कुणाचं?

उल्काने मान वर केली. एवढं एक वाक्य ऐकायला तिने किती वर्षं काढली होती.

संपतराव हसले. "आमच्याकडे मेहेंदळे म्हणून एक थोर माणूस होता," ते म्हणाले. "आता ते नाहीत. पण हे सगळं त्यांच्या तालमीतलं. कुठलीही ओळ काढा, त्यांचाच हात आहे."

पडद्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उल्का उठली. कुणी थांबवलं नाही. ती आपल्या जागेवर आली आणि राजीनामा लिहायला बसली. कोड नाही, साधा राजीनामा, साध्या मराठीत, चार वाक्यांचा. लिहून झाल्यावर तिने वाचला. खाली तिचं नाव नव्हतं. खाली लिहिलं होतं, पुरे.

तिने तो पारखीला दिला नाही. द्यायची गरज नव्हती. शेजारच्या पडद्यावर, कुणी काहीही न देता, आकडा आला होता: शंभर.

त्यानंतर साडेपाच वाजले. मधला दिवस कुठे गेला ते तिला सांगता आलं नसतं.

घरी जायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. लोणीला. आईने आज लवकर ये म्हटलं होतं. ती खाली आली. स्कूटर लावलेली होती त्या बाजूला ती वळली नाही. बसमध्ये चढली. बसमध्ये ती मनाशी घोकत होती, मी उल्का, बायडाबाईची उल्का, लोणीची. घोकता घोकता कंडक्टरने विचारलं, कुठे?

"सदाशिव पेठ," ती म्हणाली.

इमारतीचा जिना अंधारा होता. एक पायरी फुटकी होती, ती तिने न बघता ओलांडली.

दाराशी आल्यावर तिने बेल वाजवली नाही. वर मीटरच्या पेटीवर हात फिरवला. किल्ली तिथेच होती.

आत येऊन तिने खांद्यावरची पर्स दाराजवळ टेकवली. वेताची खुर्ची रिकामी होती. शेजारी पेपर ठेवलेला होता, घडी न मोडलेला.

ती बसली. पाय वर घेतले.

स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज झाला. कढीलिंबाचा वास आला. आनंदीबाईंनी मागे वळूनही न पाहता आतूनच विचारलं, "आलात?"

मी उल्का आहे काकू, असं तिला ओरडायचं होतं. शब्द गळ्यापर्यंत आले. तिथे दुसरं कुणीतरी आधीच बोलत होतं.

"आलो."

"हातपाय धुऊन घ्या, अहो. आज शनिवार. उल्का यायचं म्हणाली होती. थांबायचं का तिच्यासाठी?"

उल्काने एक बोट उचलून नाकावर टेकवलं, आणि तिथे जे नव्हतं ते वर ढकललं.

"नाही येणार ती," ती म्हणाली. "तिला कुठे वेळ असतो? दे वाढून."

आनंदीबाईंनी दोन बशा भरल्या. एक तिच्या हातात दिली, दुसरी झाकून ठेवली.

तेवढ्यात दाराजवळच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. तो थांबेना. आनंदीबाईंनी हात पुसले, बाहेर येऊन पर्स उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"कुणाची हो ही?"

"राहिली असेल कुणाची तरी," खुर्चीतून उत्तर आलं.

आनंदीबाईंनी पर्स चपलांच्या कपाटात, खालच्या खणात ठेवली. तिथे एक काळी सॅक होती. तिच्या मागे आणखी दोन होत्या. कपाट बंद केल्यावर फोनचा आवाज बराच कमी झाला.